माप कशाला

बारा डझन बांध, भरमा म्हणाला.
हिरव्या नकोत, त्या सवाष्णींच्या.
लाल-पिवळ्या मिसळू नकोस, त्यांचा झेंडा होतोय.
मी सवयीनं विचारलं, माप?
मागचे तिघं हसले.
माप कशाला? घालायच्या थोड्याच हाईत,
त्या हापिसावर फेकायच्या हाईत.

मागल्या महिन्यात दुसरे आले होते.
त्यांना भगव्या नको होत्या.
त्यांनी कन्नडात घासाघीस केली, यांनी मराठीत.
निपाणीच्या एकेका पाटीवरच्या अक्षरासाठी
डोकी फोडणारी ही माणसं
शिवी मात्र एकच देतात.
तिला दुभाषा लागत नाही.

मराठीत मी कासार, कन्नडात बळेगार.
बळे म्हणजे बांगडी.
आमच्याकडे बळ म्हणजे काय,
ते मोर्चातल्यांना विचारा.
तिकडे गंड म्हणजे नवरा,
इकडे गंड म्हणजे मनात बसलेली गाठ.
सीमेवर राहिलं की हे असं आपोआप कळत जातं,
त्यासाठी डिग्री लागत नाही.

बांगडी भरायची तर आधी हात सैल करावा लागतो.
अंगठ्याखालचं हाड दाबायचं,
बोलण्यात गुंतवायचं, आणि सरकवायची.
बिडीवाल्या बायांची बोटं तंबाखूनं पिवळी,
एकीच्या मनगटावर कालचा निळा वळ,
मी विचारत नाही, त्या सांगत नाहीत,
तेवढी एक बांगडी जरा सैल भरतो.

सुगंधा पाच्छापुरे मेंबर झाली,
गटारीवर बोलायला उठली, तर माइकवरून आलं,
बाई, बसा. भाकरी करपंल.
म्हणणारा तिच्याच पक्षाचा होता.
दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन बसली.
दोन-चार माप. भरपूर भर, म्हणाली,
हात वर केला की वाजल्या पाहिजेत.

माझ्यासाठीही गावात एक शब्द आहे.
सातवीत असताना लागला.
आता तो सभेतून ऐकू येतो,
पक्ष सोडून गेलेल्या आमदाराला उद्देशून.
आमदाराला तीन पोरं, एक साखर कारखाना,
त्याचं काही जात नाही.
टाळ्या पडतात तेव्हा
मी शटर अर्ध्यावर ओढतो
आणि आतल्या खोक्यांची मोजदाद सुरू करतो.

भरमानं नोटा मोजल्या. वर बघितलं नाही.

त्याच्या मनगटाचं माप मला ठाऊक आहे.
दोन-दहा. तेही ओढूनताणून.
दोन वर्षांमागं, वीज गेलेली, शटर आतून लावलेलं,
तोच म्हणाला होता, बघू की, भर.
मी हाड दाबलं. एवढा आडदांड माणूस,
हात कसा लोण्यासारखा झाला.
चार भरल्या. पहाटेपर्यंत काढू दिल्या नाहीत.
काढताना एक फुटली,
तेव्हापासून तो घड्याळ उजव्या हातात बांधतो.

सोमवारी बारा डझन फेकल्या गेल्या.
हिशेबानं एकशे चव्वेचाळीस,
दुपारी कलमही तेच लागलं.
भरमा टेम्पोवर होता.
हात उगारला तेव्हा घड्याळ खाली घसरलं
आणि त्यानं ते झटकन वर ओढलं.
गर्दीत हे फक्त मी बघितलं.
मर्दाची अवलाद, खालून कुणीतरी ओरडलं,
पलीकडून तेच, कन्नडात.

संध्याकाळी सगळीकडे सामसूम.
नगरपालिकेची शिवव्वा खराटा घेऊन आली.
काच डांबरात रुतलेली, खराट्याला दाद देईना,
तिनं बसून बोटांनी वेचली.
मग दुकानाशी आली, चिंधी मागायला.
बोट बांधून झालं तरी उभीच.
पदराच्या गाठीतून एक काढली,
जांभळी, अख्खी, चरासुद्धा नाही.
घालून बघितली, हाडाशी अडली.

मी फळीवरची खोकी खाली घेतली.
माप? मी विचारलं.

तिनं हात पुढं केला.